‘माहिती भरपूर आहे, चिकित्सा नाही’ असा शेरा आल्यावर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात पीएच.डी.ला नोंदणी झाली आहे, कोर्सवर्कही संपलं आहे. विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांचं हंगामी स्थलांतर. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण मार्गदर्शकांनी ‘माहिती भरपूर आहे, चिकित्सा नाही’ एवढ्या एका शेऱ्यानिशी परत केलं. चिकित्सा म्हणजे नेमकं काय करायचं, ती शिकता येते का, शास्त्रीय लेखन कसं सुधारायचं, आणि आजवरचं शिक्षण मराठीतून झालेलं असल्यामुळे प्रबंध मराठीत लिहावा की इंग्रजीत?

उत्तर: शेरा त्रोटक आहे, पण तो बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. मी मूळची इतिहासाची. गेली बरीच वर्षं सगळ्याच सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना संशोधन पद्धती शिकवते आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या आढाव्यांचा साचा जवळपास ठरलेला असतो. अमुक यांनी अमुक साली अमुक तालुक्यात अभ्यास केला, इतक्या उत्तरदात्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, असा निष्कर्ष काढला. पुढच्या परिच्छेदात दुसरे लेखक, दुसरा तालुका, दुसरा निष्कर्ष. अशी पंचवीस-तीस पानं. तुमचं प्रकरण असंच आहे का हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. त्यातले कुठलेही चार परिच्छेद उचलून वरखाली लावा आणि प्रकरण पुन्हा वाचा. काहीच बिघडलं नाही, तर त्यात युक्तिवाद नाही. युक्तिवाद असलेल्या लिखाणात एक परिच्छेद जागचा हलला की पुढच्याचा आधार जातो.

यात तुमच्या बुद्धीला कमीपणा नाही. आपण बारावीपासून एम.ए.पर्यंत ज्या उत्तरांना गुण मिळवतो, त्यांत विद्वानांच्या व्याख्या, वैशिष्ट्यं, गुणदोष आणि समारोप असतो. छापलेल्या मजकुराला ‘तुला हे कसं कळलं?’ असं विचारायची वेळ कधी येत नाही. मग पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी अचानक तेच अपेक्षित असतं, आणि ते कसं करायचं हे कोणी करून दाखवत नाही. चिकित्सा शिकता येते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण संशोधन पद्धतीच्या पुस्तकातलं तिच्यावरचं प्रकरण वाचून ती येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी एकच काम देते: तुमच्या किंवा शेजारच्या विषयातला एखादा जुना, गाजलेला वाद निवडा आणि तो तळापर्यंत वाचा. कोणी कशाच्या आधारावर काय म्हटलं, नवा पुरावा कुठे आला, कोणी मत बदललं, आणि शेवटी कुठली बाजू कशामुळे टिकली. अर्धवट वाचलेल्या पन्नास निबंधांपेक्षा असा एक वाद जास्त शिकवतो.

वर्गात मी नेहमी घेते तो शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद. विषय कुठलाही असो, तारीख सगळ्यांना पाठ असते, पण ती कशी ठरली हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकात सर्वमान्य साल होतं १६२७. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीसारख्या साधनांत शके १५४९ (म्हणजे इ.स. १६२७) येतं, आणि ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातही १६२७ च आहे. वरवर पाहिलं तर अनेक साधनांचं एकमत. पण चिटणिसांची बखर महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, आणि डफने स्वतः मराठी बखरींचा आधार घेतला होता. म्हणजे तीन ठिकाणी एकच साल सापडलं, तरी ते तीन स्वतंत्र साक्षीदार आहेत की एकाचंच बोलणं तिघांच्या तोंडून ऐकू येतंय, हे आधी पाहायला हवं. तुमच्या आढाव्यात ‘अनेक अभ्यासकांच्या मते’ असं एखादं वाक्य असेलच. त्यातले किती जण स्वतः क्षेत्रात गेले आणि किती जण एकमेकांचा हवाला देतात, हे शोधून बघा. बऱ्याचदा सगळे धागे एकाच जुन्या अहवालापाशी येऊन थांबतात.

पुढे १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरकडच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली ही टिपणवही. तिच्यात जन्माची नोंद आहे शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. इथे विद्यार्थी लगेच म्हणतात, ‘जुना कागद सापडला, वाद मिटला.’ मी त्यांना थांबवून कागद तपासायला लावते. संवत्सर म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव. शकात १२ मिळवून ६० ने भागलं की बाकीवरून संवत्सराचा क्रम कळतो. १५५१ मध्ये १२ मिळवले तर १५६३, बाकी ३, आणि तिसरा संवत्सर शुक्लच आहे. तिथीवरून निघणारी तारीख १९ फेब्रुवारी १६३०, तीही जुन्या ज्युलियन पद्धतीची. आजच्या पद्धतीने ती १ मार्च होते. त्या दिवशी वार शुक्रवारच येतो. नोंदीचा आतला मेळ बसतो. यावर एखादी हुशार मुलगी हात वर करून म्हणते, ‘मॅडम, पंचांग जवळ असलं तर असा मेळ नंतरही कोणी जमवू शकेल.’ अगदी बरोबर आहे. मेळ बसला नसता तर नोंद संशयास्पद ठरली असती. बसला म्हणून ती आपोआप खरी ठरत नाही. एवढा एक भेद पक्का समजला तरी संशोधक म्हणून तुम्ही पुष्कळ पुढे जाता.

मग १९२७ साली शिवभारत छापून आलं. परमानंद कवीचं हे संस्कृत काव्य महाराजांच्या हयातीतलं, त्यांच्याच इच्छेने रचलेलं, आणि त्याची प्रत मिळाली तंजावरला. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. आता दरबारी काव्यावर विश्वास ठेवायचा का? लढायांच्या वर्णनात, शत्रूच्या तोंडी घातलेल्या भाषणांत कवी रंग भरणार, हे धरूनच चालायचं. पण जन्मतिथी तीन वर्षांनी पुढे ढकलण्यात त्याला काय मिळणार होतं? उलट ज्यांच्यासाठी काव्य लिहिलं त्यांना, त्यांच्या मातोश्रींना आणि सगळ्या दरबाराला खरी तिथी माहीत होती. म्हणजे एकच साधन एका विधानासाठी कच्चं आणि दुसऱ्या विधानासाठी भक्कम असू शकतं. ‘हे साधन विश्वसनीय आहे’ असा सरसकट शिक्का मारायचा नसतो, विधानागणिक तपासायचं असतं. शिवाय मावळातल्या देशमुखाच्या घरची वही आणि तंजावरला जपलेलं संस्कृत काव्य हे दोन वेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत आलेले पुरावे आहेत. ते एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा त्याचं वजन तीन बखरींच्या एकमतापेक्षा जास्त. पुढे राजस्थानातल्या एका संग्रहातली कुंडलीही याच बाजूने आली, आणि महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. समकालीन अस्सल कागदाचं एक चिटोरं साऱ्या बखरींच्या बहुमताला भारी पडतं, हा आग्रह इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी धरला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करून त्या आग्रहाला घर दिलं. या परंपरेचे आपण वारस आहोत. चिकित्सा ही परदेशातून आणायची वस्तू आहे असं वाटायचं कारण नाही.

आता तुमच्या विषयाकडे वळू. शकावलीला विचारलेले प्रश्न तिथेही तसेच्या तसे लागू होतात: हे कोणी, केव्हा, कशासाठी लिहिलं, त्यांना ते कसं कळलं, आणि ते चूक असतं तर आपल्याला कुठे दिसलं असतं?

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं, म्हणजे साधारण १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशपातळीवर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं वाक्य आपोआप लिहिलं जातं, आणि ते मी अनेकांच्या कच्च्या खर्ड्यांत वाचलं आहे: ‘मुकादमांच्या दबावामुळे ऊसतोड महिलांत गर्भाशय काढण्याचं प्रमाण देशाच्या पाचपटीहून अधिक आहे.’

(मुकादम म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा ठेकेदार.) या एका वाक्यात दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं तुलनेचं, दुसरं कारणाचं. तुलनेचं आधी घ्या. राष्ट्रीय सर्वेक्षणातला आकडा १५ ते ४९ वयोगटाचा आहे. बीडच्या पाहणीतल्या महिलांचा वयोगट कोणता होता, त्यांत तरुण मुली किती आणि चाळिशीपुढच्या किती, हे पाहिल्याशिवाय ‘पाचपट’ लिहिता येत नाही. त्यातही खरी तुलना त्याच गावांतल्या, पण ऊसतोडीला न जाणाऱ्या महिलांशी हवी. त्यांच्यातही प्रमाण जास्त निघालं, तर कारण उसाच्या फडापेक्षा त्या भागातल्या दवाखान्यांत शोधावं लागेल. दुसरं विधान याहून अवघड. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, हे बायका स्वतः सांगतात. पण त्याच बायका असंही सांगतात की अंगावरून जाण्याचा त्रास होता, डॉक्टर म्हणाले पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल. लवकर झालेलं लग्न, लागोपाठची बाळंतपणं, पाचटावरच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणं, न्हाणीघर नाही, संसर्ग अंगावर काढणं, खासगी दवाखान्यांचा धंदा, ही सगळी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पाहणीतला आकडा त्यांतलं कोणतं किती जबाबदार हे सांगू शकत नाही. ते सांगायला शस्त्रक्रियेचा निर्णय कसा झाला, आधी कोण काय म्हणालं, पैसे कुठून आले, उचल (मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) त्याआधीची की नंतरची, असा घटनाक्रम एकेका बाईकडून समजून घ्यावा लागेल. तेच तुमचं क्षेत्रकार्य असू शकतं.

इथे काही विद्यार्थी अस्वस्थ होतात. इतक्या दुःखाच्या गोष्टीत वयोगटाचे प्रश्न काढणं त्यांना निर्दयपणाचं वाटतं. मला उलट वाटतं. या बायकांच्या बाजूने बोलायचं असेल, तर आपलं विधान कारखान्याच्या किंवा दवाखान्याच्या वकिलाला एका मिनिटात खोडता येईल असं असून चालणार नाही. सैल वाक्याची किंमत आपण मोजत नाही, ती त्यांना मोजावी लागते.

जुन्या अभ्यासांनाही असंच वाचा. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात दक्षिण गुजरातमधल्या बार्डोलीच्या कारखान्यांवर जाणाऱ्या खानदेशी मजुरांचा अभ्यास केला. तो मोलाचा आहे आणि तुम्ही वाचायलाच हवा. पण ‘ब्रेमन यांच्या मते ऊसतोड मजुरांचं शोषण होतं’ असं लिहून थांबलात तर तुम्ही त्यांचा उपयोगच केला नाही. बार्डोलीतलं काय बीडला लागू पडतं? कामगारांच्या संघटना, यंत्राने होणारी तोडणी, मोबाइलवर होणारे मुकादमाचे व्यवहार, रोजगार हमी, यांमुळे आज काय बदललं आणि काय तसंच राहिलं? हे विचारलंत की तुमच्या संशोधनाची जागा आपोआप दिसू लागते. ती दिसावी म्हणूनच आढाव्याचं प्रकरण लिहायचं असतं.

लेखनाकडे येते. विचार पूर्ण झाल्यावर लिहायला बसायचं, हा समज सोडून द्या. लिहिल्याशिवाय आपल्याला काय वाटतं हेच नीट कळत नसतं. परिच्छेदाचा घटक लेखक न ठेवता विधान ठेवा. म्हणजे ‘अमुक लेखक काय म्हणतात’ याऐवजी ‘उचलीबद्दल अभ्यासकांत मतभेद कुठे आहे’ यावर परिच्छेद. समजा तुम्ही वाचलेल्या अभ्यासांत दोन गट पडतात. मग परिच्छेद साधारण असा होईल:

‘उचल ही वेठबिगारीची बेडी आहे की गरीब घराला मिळणारं एकमेव बिनतारण कर्ज, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पहिला पक्ष हंगामअखेर न फिटलेल्या उचलीकडे बोट दाखवतो; दुसरा पक्ष मजूर दर वर्षी मुकादम बदलतात याकडे. दोन्ही पक्षांची माहिती मात्र हंगाम चालू असताना, फडावर गोळा केलेली आहे. त्यामुळे मुकादम बदलणाऱ्या मजुराची जुनी बाकी नव्या मुकादमाने भरली की ती तशीच राहिली, हे त्यांतून कळत नाही. उत्तर गावात, पावसाळ्यात, उचल ठरते त्या दिवसांत मिळू शकतं. प्रस्तुत अभ्यासातल्या मुलाखती म्हणूनच त्या काळात घेतल्या.’

हा परिच्छेद नमुन्यादाखल मी रचला आहे, तुमच्या वाचनातून कदाचित वेगळंच चित्र निघेल. पण त्याची बांधणी पाहा. मतभेद मांडला, दोन्ही बाजूंना त्यांचा सर्वांत चांगला पुरावा दिला, दोन्हींना समान असलेली उणीव दाखवली, आणि ती आपण कशी भरून काढतो ते सांगितलं. दोघांपैकी कोणालाही चूक ठरवलेलं नाही. चिकित्सा म्हणजे दोष काढणं असं समजून काही जण प्रत्येक अभ्यासाला ‘नमुना लहान आहे’ असं लावत सुटतात. लहान नमुन्यातून जे कळू शकतं तेवढंच त्या लेखकाने सांगितलं असेल, तर तो दोष कसा?

विधानाचा जोर पुराव्याच्या जोराइतकाच ठेवायला शिकणं ही लेखनातली सर्वांत सूक्ष्म गोष्ट. मराठीत त्यासाठी क्रियापदं भरपूर आहेत. सिद्ध करतात, दाखवतात, सुचवतात, गृहीत धरतात, दुजोरा देतात, नाकारतात, अमुक बाजूला झुकतात. आपल्या प्रबंधांत मात्र सगळेच लेखक ‘म्हणतात’ आणि ‘नमूद करतात’. एखाद्या रविवारी आपलं प्रकरण घेऊन बसा आणि प्रत्येक ‘म्हणतात’पाशी थांबून विचारा, त्यांनी नेमकं काय केलं? उत्तर देता आलं नाही तर तो लेख तुम्ही पुरेसा वाचलेला नाही, परत उघडा.

‘वरील सारणीवरून असे दिसून येते की’ हे वाक्य तर मला प्रबंधांतून कायमचं हद्दपार झालेलं बघायचं आहे. सारणीत ६२ टक्के पुरुष आणि ३८ टक्के स्त्रिया असं असतं, आणि खाली तेच वाक्यात पुन्हा लिहिलेलं असतं. वाचकाला सारणी वाचता येते. त्याला हवं असतं ते सारणीत नसलेलं: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असा हिशेब असताना स्त्रिया निम्म्याहून कमी का आल्या? मुलाखतीच्या वेळी त्या स्वयंपाकात होत्या म्हणून, की नवऱ्याने ‘मी सांगतो’ म्हटलं म्हणून? तसं असेल तर पुढच्या सगळ्या सारण्या मुख्यतः पुरुषांचं मत सांगतात, आणि हे पद्धतीच्या प्रकरणात उघडपणे लिहायला हवं.

गृहीतकांचंही तसंच. ‘स्थलांतराचा कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर परिणाम होतो’ हे गृहीतक खोटं ठरूच शकत नाही. जे खोटं ठरू शकत नाही ते सिद्ध करून मिळालं काय? शेवटच्या प्रकरणात ‘सर्व गृहीतके सिद्ध झाली’ असं वाचलं की मी पहिल्या प्रकरणात मागे जाऊन गृहीतकं तपासते. असं काही मांडा की जे क्षेत्रात गेल्यावर चुकू शकेल. उदाहरणार्थ, आजी-आजोबा गावात असलेल्या घरांतली मुलं हंगामात शाळेत टिकतात, आणि मुलींच्या बाबतीत हा आधार मुलांपेक्षा कमी पडतो. हे खरं निघेल की नाही मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. म्हणून तर शोधायचं.

भाषेबद्दल. आपल्याकडे बऱ्याच विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांचा प्रबंध मराठीतून सादर करता येतो. तुमच्या विद्यापीठाचा नियम आधी पाहून घ्या. माझं मत विचाराल तर विचार, टिपणं आणि पहिला खर्डा मराठीतच करा, प्रबंध शेवटी कुठल्याही भाषेत जावो. तुमची माणसं मराठीत बोलतात. उचल, खाडा, अर्धा कोयता (एकटा मजूर), टोळी, वाढं (उसाचे शेंडे) या शब्दांत त्यांचं अर्थशास्त्र भरलेलं आहे. मुलाखत ऐकता ऐकता मनात इंग्रजी करत गेलात तर ‘पिशवी काढली’ आणि ‘पिशवी काढायला लावली’ यातला फरक निसटेल, आणि तुमच्या विषयात तर तोच फरक कळीचा आहे. म्हणून बोली जशीच्या तशी उतरवा, अगदी ‘व्हतं’, ‘न्हाई’सकट. मराठी प्रबंधाची अडचणही सांगते: बाहेरच्या राज्यातले परीक्षक मिळत नाहीत आणि महाराष्ट्राबाहेर काम वाचलं जात नाही. त्यावर उपाय म्हणून प्रबंधातलं सर्वांत ताकदीचं एक प्रकरण इंग्रजी निबंध म्हणून वेगळं लिहा. इंग्रजी वाचनातून मात्र सुटका नाही. रोज एकाच निबंधाचं एक पान, कोश जवळ घेऊन, आणि वाचून झाल्यावर पान मिटून त्याचा युक्तिवाद मराठीत पाच ओळींत. पान मिटून, हे महत्त्वाचं. पान उघडं ठेवून केलेला सारांश म्हणजे भाषांतर असतं, आणि तिथूनच पुढे वाङ्मयचौर्याची भानगड सुरू होते.

त्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण हल्ली सगळी चर्चा टक्क्यांत अडकते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द होते. पण सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं. मराठीतली असंख्य पुस्तकं अजून संगणकावर आलेलीच नाहीत, त्यामुळे त्यांतून उचललेलं पान त्याला दिसतच नाही. इंग्रजी परिच्छेदाचं मराठी भाषांतर करून नाव न देता वापरलं, तरी ते त्याला सहसा दिसत नाही. चोरी मात्र दोन्हीकडे तेवढीच. शब्द बदलून टक्के खाली आणून देणाऱ्या दुकानांच्या नादी लागू नका. एआयच्या यंत्राकडून परिच्छेद लिहवून घेण्याबाबतही माझा नियम साधा आहे: जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून वाचला नाही तो तुमच्या यादीत असता कामा नये. ही यंत्रं अस्तित्वातच नसलेले निबंध, खऱ्या वाटणाऱ्या नावा-सालासकट तयार करून देतात, आणि परीक्षकाने मौखिक परीक्षेत त्यातला एक मागितला की सगळा प्रबंध संशयाखाली येतो.

घाईघाईने पैसे भरून निबंध छापण्याचीही गरज नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती काढली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर वेगळं, ते कार्यालयात विचारून घ्या. आठवडाभरात छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकात तुमचं लिखाण कोणी वाचलेलं नसतं. तुम्हाला तर सध्या वाचणाराच हवा आहे.

शोधगंगेवर जा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या या भांडारात देशभरचे प्रबंध फुकट वाचता येतात. स्थलांतरावरचे तीन प्रबंध उतरवून घ्या आणि मघाची परिच्छेद हलवण्याची परीक्षा त्यांच्यावर करा. साचा म्हणून वापरायला मात्र त्यांतला एकही घेऊ नका, कारण दुसऱ्याची प्रकरणरचना घेतली की त्याचे प्रश्नही सोबत येतात.

मार्गदर्शकांकडे परत जाताना सुधारलेलं सगळं प्रकरण नेऊ नका. त्यांनाही तेवढं वाचायला वेळ नसतो, आणि पुन्हा एक त्रोटक शेरा मिळेल. दोन पानं न्या. उचल किंवा शिक्षण किंवा आरोग्य, एकाच मुद्द्यावरची, वर दाखवल्यासारख्या तीन-चार परिच्छेदांची. आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. ‘सर, दुसऱ्या परिच्छेदातलं माझं विधान या पुराव्यावर टिकतं का, आणि तुम्ही परीक्षक असता तर कुठे हल्ला केला असता?’ असं विचारा. बहुतेक मार्गदर्शक अशा प्रश्नाला खुर्ची पुढे ओढून उत्तर देतात. वेळ मिळतच नसेल तर तुमच्यासारखेच दोघं-तिघं नोंदणी झालेले शोधा, वेगळ्या विषयांचे असले तर उत्तमच, आणि दर पंधरा दिवसांनी एकमेकांची दोन पानं मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याने फक्त एकच विचारायचं: हे तुला कसं कळलं? उत्तर पानावर नसेल तर त्या ओळीखाली रेघ मारायची आणि पुढच्या बैठकीआधी तेवढी ओळ दुरुस्त करायची किंवा काढून टाकायची.